पाच मिनिटांची मुदत

२ तारीख, गुरुवार

रक्तपेढीची नवी संगणक-यंत्रणा एकोणतीस तारखेच्या बुधवारी सकाळी आठला सुरू होणार. साहेबांनी आज दहा वाजता लेखी कळवलं आणि अकराला रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टरांनी फोनवर दुजोरा दिला. म्हणजे आता नक्की.

माझ्या बदलीचं, म्हणजे सुटकेचं पत्रही त्याच पाकिटात होतं. अट एकच. यंत्रणा सुरू झाल्यापासून सलग तीस दिवस रक्तपेढीतून रेकॉर्ड सोडवण्यासाठी एकही फोन येता कामा नये. तीस दिवस पुरे झाले की मी मोकळी. नवऱ्याची बदली झाली तेव्हा तो आणि लेक पुढे गेले, त्याला आठ महिने झाले. मी "महिन्याभरात येते" म्हणाले होते. सामानाची तीन खोकी तेव्हाच बांधून ठेवली. एकात इस्त्री आहे, पण कुठल्या ते आठवत नाही, त्यामुळे आठ महिने चुरगळलेलीच हिंडतेय.

हे फोन कसले ते एकदा स्वतःसाठीच लिहून काढते, म्हणजे डिझाइन करताना डोकं ठिकाणावर राहील. रक्तपेढीत सात संगणक आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये प्रत्येक संगणक थेट डेटाबेसमध्ये हात घालतो. एकाने रक्ताच्या एखाद्या पिशवीचं रेकॉर्ड उघडलं की ते त्याच्या नावावर लॉक होतं आणि तो ते बंद करेपर्यंत दुसऱ्या कोणाला त्या पिशवीचं काही करता येत नाही. हेतू साधा होता. दोघांनी एकाच वेळी एकच पिशवी दोन रुग्णांना देऊ नये. पण माणसं रेकॉर्ड उघडतात आणि चहाला जातात. मग रक्त देण्याच्या खिडकीवर काम अडतं, कारण प्रोग्राम सर्वांत जुनी पिशवी आधी द्यायला लावतो. तिच्यावरच लॉक असलं तर पुढची देऊ देत नाही. मग खिडकीवाला मला फोन करतो. लॉक तोडायची सोय फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे.

तिकडे मला सोडवणीबाई म्हणतात. माझं खरं नाव तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नसावं.

३ तारीख, शुक्रवार

फोन तीन. पहिला दात घासताना.

"बाई, एक अडकलीय."

"कुठल्या संगणकावर?"

"कुठल्या म्हणजे? तीन नंबर. आपल्या काकू."

"आणि त्या कुठे आहेत?"

"असतील इकडेतिकडे. रेकॉर्ड उघडं टाकायचं आणि निघून जायचं. आपलं लग्नाचं वय गेलं हो तुमची वाट बघण्यात."

"तुझं लग्न होऊन दोन मुलं झाली आहेत."

"तेच म्हणतोय, आता दुसरं कधी करणार?"

काकू म्हणजे रक्त जुळवून बघण्याच्या टेबलावरच्या. तीस वर्षं त्याच टेबलावर आहेत आणि मुख्य डॉक्टरसुद्धा त्यांना काकूच म्हणतात. कामाला वाघ, असं सगळे म्हणतात. मला मात्र त्यांच्या उघड्या टाकलेल्या रेकॉर्डांपलीकडे त्यांची फारशी ओळख नाही. लॉक तोडलं. चाळीस सेकंद. एका हातात ब्रश होता.

६ तारीख, सोमवार

दोन वर्षांच्या नोंदी काढून बसले. अडकलेल्या रेकॉर्डांपैकी शंभरात सत्तर तीन नंबरवरची. बाकी सहा संगणकांनी मिळून तीस. म्हणजे दोष यंत्रणेचा कमी आणि एका माणसाच्या सवयीचा जास्त.

दोन गोष्टींचा उलगडा झाला नाही. एक, दर तीन आठवड्यांनी दोन-तीन दिवस हा आकडा एकदम चढतो. पाळ्यांचं वेळापत्रक मागवून बघितलं, त्याच्याशी जुळत नाही. महिन्याचे अहवाल भरायची घाई असेल, असं आधी लिहिलं आणि खोडलं. महिना काही तीन आठवड्यांचा नसतो. दोन, काकूंची बरीच रेकॉर्डं एक ते दीडच्या मध्ये उघडली जातात. त्या वेळी मी जेवते आणि फोन उचलत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनाही आहेच. निदान माझ्या जेवणाच्या वेळी तरी निष्काळजीपणा करू नये.

८ तारीख, बुधवार

दिवसभर रक्तपेढीत बसले. काम कसं चालतं ते नुसतं बघायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, असं ठरवून गेले. निघण्याआधी ऑफिसातूनच दोन पिशव्या सोडवल्या, दोन्ही तीन नंबरच्या. रस्ता ओलांडून पोचेपर्यंत त्यातली एक खिडकीतून गेलीही होती आणि दुसरी जायच्या वाटेवर होती.

काकू म्हणाल्या, "या सोडवणीबाई. आज स्वारी प्रत्यक्ष?"

"तुमचं काम बघायला आले."

"बघा की. थेंबात थेंब मिसळायचा आणि गुठळी होते का बघायचं. झाली की ती पिशवी बाद, पुढची घ्यायची. मुलगी बघण्यासारखंच. नकारच फार."

त्या दिवसभर तेच करत होत्या. नमुना एकाच रुग्णाचा आणि त्याच्यासमोर एकामागून एक पिशव्या. चार वाजेपर्यंत मी एकतीस मोजल्या. एका नमुन्यावर इतका वेळ! नव्या यंत्रणेत यावर काही करता येईल का, ते बघायला हवं.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची, ओठ कागदासारखे पांढरे. कपडे शिवते. तिथले सगळे तिला शिवणताई म्हणतात. काकूंच्या कोटाला बटण लावत होती. मी जागा मागितली तर सरकून म्हणाली, "बसा. दर वेळी काहीतरी उसवलेलं काढून ठेवतात माझ्यासाठी, मला कंटाळा येऊ नये म्हणून. मला वाटतं, मुद्दाम उसवतात."

चारला काकू बाहेर आल्या. "आज एकावरच भागवायचं गं."

"भागेल की. तीन आठवडे जिने कमी चढेन. नाहीतरी वरच्या मजल्यावरची गिऱ्हाईकं भांडकुदळच आहेत."

काकू हसल्या नाहीत. पाचला त्या उठून गेल्या तेव्हा तीन नंबरवर एक रेकॉर्ड उघडंच होतं. मी वेळ टिपून घेतली. पाच वाजून चार मिनिटं.

९ तारीख, गुरुवार

आज मधला थर कागदावर उतरला. फार दिवसांनी कामाचा आनंद झाला.

यापुढे कुठलाही संगणक डेटाबेसला थेट हात लावणार नाही. त्याने मधल्या सर्व्हिसला, म्हणजे मध्ये बसवलेल्या प्रोग्रामला विचारायचं, सर्व्हिसने डेटाबेसला. कोणी काय बघायचं, कोणी काय बदलायचं, हे सगळे नियम त्या एका थरात. सात जणांच्या सात पद्धती नाहीत. प्रत्येक रेकॉर्डला आवृत्तीचा आकडा राहील. तुम्ही उघडलंत तेव्हा सात होता आणि सेव्ह करताना आठ निघाला, तर मध्ये कोणीतरी बदल केलाय. पुन्हा उघडा, नव्याने बघा. आणि लॉक मिळेल, पण मुदतीपुरतं. मुदतीत काम केलं नाही तर सर्व्हिस ते स्वतःच सोडवेल. कोणाला फोन नको, लॅपटॉप नको, मी नको.

मुदत किती ठेवावी यावर दुपार घालवली. दहा मिनिटं दिली तर त्या दहा मिनिटांत खिडकीवाला फोन करणारच, आणि एक फोन आला की माझे तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटं दिली तर खरं काम करणाऱ्याची पंचाईत. शेवटी पाच. खरं सांगायचं तर ही पाच मिनिटं मी काकूंना डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवली. चहा पाच मिनिटांत होत नाही.

१२ तारीख, रविवार

सकाळी लेकीशी बोलले.

"आई, किती उरले?"

"सुरू व्हायला सतरा दिवस. मग तीस."

"म्हणजे सत्तेचाळीस."

"हो."

"मागे चाळीस म्हणाली होतीस."

"मागे सुरू व्हायची तारीख वेगळी होती गं."

"बरं. बाबाला देते."

नवरा म्हणाला, "चिडलेली नाहीये ती. भिंतीवर दिवस खोडायची ना, ते सोडलंय, एवढंच. चौदा वर्षांची आहे, इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायच्या की तुझ्या?"

"तू माझ्या बाजूने बोलतोस की तिच्या?"

"मी मध्ये उभा आहे. दोन्हीकडून बसतात."

दिवसभर खोलीतून बाहेर पडले नाही. बाहेर पडले तरी लॅपटॉप खांद्याला असतोच. गेल्या वर्षी बहिणीच्या नव्या घरी गेले होते, तर घर बघायच्या आधी तिच्या कपाटावर लॅपटॉप ठेवून दोन पिशव्या सोडवल्या. ती म्हणाली, "तुला गळ्यात घंटा बांधलीय गं. वाजवणारा कोण ते तरी बघितलंस का कधी?" मी म्हटलं, खिडकीवाला, चांगला माणूस आहे.

१५ तारीख, बुधवार

डिझाइन गोठवलं. यापुढे एक ओळही बदलायची नाही, बदलायची तर तारीख पुढे. रक्तपेढीतल्या प्रत्येक टेबलाने सही केली. काकूंनी सगळ्यात शेवटी केली. चष्मा लावून पाच मिनिटांच्या मुदतीचं पान दोनदा वाचलं.

"आपोआप सुटणार?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला फोन करून विचारायचंसुद्धा कारण नाही."

"नाही ना! तेच तर."

"आणि सुटली की आम्हाला कळणार?"

"लाल अक्षरांत दिसेल."

"छान," म्हणाल्या. "रंग तरी शोभेल रक्तपेढीला."

साहेब खो खो हसले. मीही.

२२ तारीख, बुधवार

रंगीत तालीम. खऱ्या साठ्याची नक्कल घेऊन सातही संगणकांवर तीन तास नवी यंत्रणा चालवली. अडकलेली रेकॉर्डं शून्य. खिडकीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मुख्य डॉक्टर म्हणाले, "हे अकरा वर्षांपूर्वी का नाही केलंत?" अशा कौतुकाला काय उत्तर द्यायचं ते मला कधी कळत नाही.

काकूंनी तीन नंबरवर दोन रेकॉर्डं उघडली आणि हात मांडीवर घेऊन बघत बसल्या. पाच मिनिटांनी लाल अक्षरं आली. पुन्हा उघडली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा उघडली.

मी म्हटलं, "काकू, झाली चाचणी. बंद करा आता."

"बघतेय, दर पाच मिनिटांनी परत उघडत दिवसभर बसता येईल का."

"मग दुसरी कामं कधी करणार?"

"तेच."

थट्टा वाटली मला. घरी येऊन दुसरं खोकं फोडलं. त्यात इस्त्री सापडली. एकोणतीसला नीट कपडे घालून जाणार.

२७ तारीख, सोमवार

हे नीट, क्रमाने लिहायला हवं.

सकाळी नऊपासून रक्तपेढीत होते. तीन नंबरच्याच बाजूला लॅपटॉप उघडून, बुधवारसाठी नवा प्रोग्राम एकेका संगणकावर चढवत. जुना अजून चालूच होता. साडेनऊला शिवणताई आली, काकूंनी तिच्या हातातून नमुना घेतला. जिना चढून आली होती, बोलायला मिनिटभर लागलं.

"परवाची तयारी," काकू तिला म्हणाल्या. "मागच्यासारखं नको. आजच बघून ठेवते दोन."

ती गेली. काकू पिशव्या जुळवत बसल्या. नकार, नकार, नकार. पावणेबाराला सव्विसाव्या पिशवीवर म्हणाल्या, "हं, दोन झाल्या." तीन नंबरवर दोन्हीची रेकॉर्डं उघडली आणि हात धुवायला गेल्या. मी हे सगळं बघत होते. हाताच्या अंतरावर बसून बघत होते.

फोन वाजला. काचेपलीकडून खिडकीवाला, माझा एक कान फोनला आणि दुसऱ्या कानात त्याचाच आवाज काचेतून. "बाई, अडकलीय. तीन नंबर." मी लॅपटॉप पुढे ओढला आणि सोडवली. चाळीस सेकंदसुद्धा लागले नाहीत, कारण आज सगळं उघडंच होतं.

काकू हात पुसत आल्या. माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

"गेली का?"

"काय?"

"जुनी होती ना त्यातली एक. रांगेत पुढे आली असणार." टॉवेल घडी करून ठेवला आणि पुन्हा टेबलाशी बसल्या. सत्ताविसावी पिशवी काढली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 

"काकू, तुम्ही ही रेकॉर्डं मुद्दाम उघडी ठेवता?"

"मग? दार सताड उघडं टाकून जायला मला वेड लागलंय का?"

"पण का?"

"तिला नऊ वर्षं रक्त चढतंय. इतक्यांचं घेतलंय की आता बहुतेकांचं तिच्या अंगाला चालत नाही. चाळीस बघाव्या तेव्हा दोन मिळतात. त्या दोन खिडकीवर गेल्या तर ज्याला कुठलीही चालते त्याला जातात. तुमचा प्रोग्राम जुनी आधी देतो, तिची कुठली ते त्याला काय माहीत? आणि अशी ती एकटी नाही. माझ्याकडे सात जण आहेत."

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "सांगितलं होतं की. अकरा वर्षांपूर्वी, इथेच. तुमचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मी म्हटलं, पिशवी कोणाच्या नावाने राखून ठेवायची सोय करा. तुम्ही म्हणालात, दुसऱ्या टप्प्यात. तोवर चिठ्ठ्या लावत होतो पिशव्यांना. मग तपासणीवाले आले, म्हणाले हाताने लिहिलेलं काही नको, असेल ते संगणकात. संगणकात जागा नाही. मग ही युक्ती सापडली, उघडं ठेवलं की कोणी हात लावत नाही."

"आणि मी सोडवायचे तेव्हा?"

"तेव्हा पुन्हा जुळवायचं. मला वाटायचं, वरून विचारून सोडवत असाल. कोणाचं तरी जास्त नडलं असेल. तुम्ही बघून सोडवता ना?"

मी लॅपटॉप मिटला. एकदाही बघितलं नव्हतं. पिशवी क्रमांक, संगणक क्रमांक, एंटर.

दुपारी शिवणताईच्या फाइलमधल्या तारखा माझ्या नोंदींशी ताडून बघितल्या. दोन वर्षांत चौतीस फेऱ्या. त्यातल्या एकोणीस फेऱ्यांच्या आगेमागे काकूंनी तिच्यासाठी धरून ठेवलेली निदान एक पिशवी मी सोडवली आहे. याच महिन्याच्या आठ तारखेला दोन्ही.

बुधवारी आठ वाजता नवी यंत्रणा सुरू झाली की तिच्या पिशव्या पाच मिनिटं सुरक्षित राहतील.

२८ तारीख, मंगळवार

जुन्या कपाटातून अकरा वर्षांपूर्वीचा मागण्यांचा कागद काढला. सतरावी मागणी: पिशवी रुग्णाच्या नावे राखीव ठेवणे. समोर माझं अक्षर: दुसऱ्या टप्प्यात. दुसरा टप्पा कधी झालाच नाही. होणार नाही हे मला तेव्हा माहीत होतं का? माहीत असावं. बैठक लांबली होती आणि मला घरी जायचं होतं, एवढं आठवतं. लेक तीन वर्षांची होती.

कागद घेऊन साहेबांकडे गेले. सुरू करण्याच्या पत्रावर तीन सह्या लागतात. त्यांची आणि मुख्य डॉक्टरांची झाली होती, माझी जागा कोरी.

सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नाहीत.

"बाई, गाडी फलाटाला लागलीय आणि तुम्ही म्हणताय रूळ बदला."

"रूळ चुकीचे टाकलेत. मीच टाकलेत."

"सोडवणुकीचे फोन बंद करा म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं?"

"मीच."

"मग ते बंद होतायत."

"हो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट बंद होतेय, जी आपल्याला माहीतच नव्हती."

"सात रुग्ण. महिन्याला शेकडो पिशव्या जातात तिथून." मग कागदाकडे बघून म्हणाले, "हे आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ. मी शब्द देतो."

मी कागद त्यांच्याकडे वळवला आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुमचं गणित तुम्हाला कळतंय ना? राखीवची सोय म्हणजे सर्व्हिसमध्ये नवे नियम, नवी तालीम, सगळ्यांच्या नव्या सह्या. दहा आठवडे कुठे गेले नाहीत. मग तुमचे तीस दिवस. ती अट माझी नाही, वरची आहे, मला हलवता येत नाही."

"शंभर दिवस. कळतंय."

"सही करा आणि जा हो घरी. इथे राहून तुम्हाला काय मिळणार आहे?"

मी सही केली नाही. शूरपणा वगैरे वाटला नाही. ते म्हणाले, उद्या जुनाच प्रोग्राम चालवा, गुरुवारी तीनला बैठक, लेखी कारण घेऊन या. तोंडी नको.

जिन्यात काकूंचा फोन आला. बत्तिसाव्या पिशवीवर दुसरी मिळाली. दोन्ही रेकॉर्डं उघडी ठेवली आहेत. "सोडवायच्या असतील तर आधी सांगा," म्हणाल्या, "म्हणजे तेहतिसावी लगेच काढते." टोमणा होता की साधं बोलणं, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

२९ तारीख, बुधवार

साडेआठलाच रक्तपेढीत जाऊन बसले. इस्त्री केली नाही.

नऊ चाळीसला खिडकीवाला. "बाई, अडकलीय."

"तीन नंबर?"

"मग काय. शस्त्रक्रियेच्या खोलीतून माणूस येऊन उभा राहिलाय. सोडवा पटकन."

"नाही सोडवत."

मग काचेतून त्याचा चेहराच दिसला, फोन अजून कानाला. "बाई, बरं आहे ना?"

"ती पिशवी एका रुग्णाची आहे. ह्याला दुसरी कुठली चालेल?"

"ह्याला अकरा चालतील. पण तुमचा प्रोग्राम पुढची देऊ देत नाही, मी काय करू? आणि तुमच्या भांडणात माझा माणूस टेबलावर झोपलाय!"

खरं होतं. ऑपरेशन ठरलेलं होतं, अजून सुरू झालं नव्हतं, पण रक्त हाताशी आल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, पुढची पिशवी द्यायला एक कागदी फॉर्म आहे, मुख्य डॉक्टरांच्या सहीचा, पण त्यांना गाठेपर्यंत अर्धा तास जातो म्हणून कोणी भानगडीत पडत नाही. तुम्हाला फोन केला की काम होतं. मी फॉर्म घेतला आणि दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत कोणी होतं. दार ठोठावलं. थांबा म्हणाले, पुन्हा ठोठावलं.

"हा फॉर्म अजून आहे?" डॉक्टर म्हणाले. वाचून सही केली. "पण रोज असंच करणार का?"

"राखीवची सोय होईपर्यंत, हो. मी येईन रोज."

"तुमची बदली होती ना?"

"होती."

नऊ चाळीस ते नऊ चोपन्न. चौदा मिनिटं. खिडकीवाल्याने पिशवी दिली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "सोडवणीबाईंनी आता धरून ठेवायचं काम सुरू केलंय. बघू, कुठलं जमतंय." त्यानंतर असंच आणखी दोनदा झालं. दुसऱ्या वेळी डॉक्टर जेवत होते.

शिवणताई अकराला आली. पहिली पिशवी साडेअकराला लागली, दुसरी दीडला. पावणेचारला काकूंनी आत येऊन सांगितलं, दोन्ही गेल्या, ताप नाही, थंडी नाही. मी बाहेर डोकावले. बाहेरच्या खाटेवर पडल्या पडल्या शिवणताई खिडकीवाल्याला सांगत होती, तुझ्या शर्टाची कॉलर शिवणाऱ्याला पकडून माझ्याकडे आण. ओठांना रंग होता. तिला माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. काकूंनीही सांगितलं नसावं. सांगायला हवं, पण आज नाही झालं.

उद्या नऊला काकू ऑफिसात येणार आहेत. राखीव म्हणजे किती तास, कोणाच्या नावाने, आणि सोडायचं ते कोणी. त्या सांगणार, मी लिहून घेणार. तीनला बैठक. साहेब तीस दिवसांच्या अटीबद्दल वर विचारून बघतो म्हणाले आहेत, पण आशा ठेवू नका असंही म्हणाले.

आता पावणेसात झालेत. नवऱ्याला दुपारीच कळवलं. त्याने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "शंभर ना? तिला मी सांगणार नाही. तू सांग."

"उचलेल का ती माझा फोन?"

"सातला कर. घरीच आहे, उचलेल," म्हणाला. "पुढचं मला माहीत नाही."